आबांचा दारचा हापूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय मी टाळते. देवाला माहीत असणारच म्हणा. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या तोंडाने सांगणं वेगळं, नाही का?

रत्नागिरीत आमचं बागप्रेमी मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणीतरी पाहुणा बोलतो, मग चहा-पोहे. एकदा मला बोलावलं, परसातल्या भाज्यांवर. माईक आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. घरचं पडवळ नेलं होतं, दोन हात लांब, सरळसोट. माझं बोलून झालं आणि आमचे शेजारी आबा उठले. जन्म मुंबईत नोकरीत गेलेला, बागकाम सगळं पुस्तकातलं.

"वहिनी, पडवळ सरळ वाढायला टोकाला दगड बांधतात. ह्याला दोऱ्याचा वळसुद्धा नाही हो! बाजारातलं दिसतंय."

सगळे हसले. दोरा मी सैल बांधते, वळ उठू नये म्हणून — एवढंच सांगायचं होतं. तोवर चहा-पोहे फिरू लागले. घरी येताना ते पडवळ मी दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे भिरकावलं.

खोटारडी, असं ते म्हणाले नाहीत. पण दुसरा काय अर्थ होतो?

त्याच वर्षी आबांनी नातीच्या बारशाला हापूसचं कलम लावलं, आमच्या गडग्याला लागूनच. वैशाखात त्याचा शेंडा वाळला. पावसाळ्यात फूट आली, ती कलमाच्या सांध्याच्या खालून. मी पावस गावची, आंब्याच्या बागेत वाढलेली. सांध्याच्या वर हापूस, खाली रेषाळ, आंबट रायवळ, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. हापूस मेला होता. वाढत होतं ते कोयीचं झाड.

आणि आबांनी मलाच विचारलं. ओटीवर येऊन, अगदी सरळ मनाने.

"वहिनी, तुम्ही बागायतदाराच्या घरच्या. फूट बरी आहे ना हो?"

"छान आहे," मी म्हटलं. "जपा तिला."

जपा — हा शब्द कुठून आला माझ्या तोंडी? त्यांनी जपलं. सात वर्षं. उन्हाळ्यात नळाला पाणी नसायचं तेव्हा विहिरीवरून कळश्या आणल्या, वयाच्या सत्तरीत. मी गडग्याआडून बघत असे. कीव आली का? नाही आली. उलट शेणखताच्या दोन पाट्या मीच पाठवल्या.

आठव्या वर्षी सहा फळं धरली. तोवर मी मंडळाची सचिव झाले होते. आबांना व्याख्यानाला मी बोलावलं, 'माझा दारचा हापूस' हा विषयही मीच दिला. फळं बारीक वाटतात, ते म्हणाले. पहिल्या बहराची अशीच असतात, मी म्हटलं. एक फळ देवापुढे ठेवलं, बाकीची न चाखता मंडळात आणली. पहिली फोड त्यांनी नातीला दिली, तिच्याच नावाचं झाड म्हणून. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि दातांतले धागे ओढत बसली.

मग मी उठले. सात वर्षं घोकलेलं वाक्य होतं.

"आबा, बाजारातला तर नव्हे?"

काय हसले लोक! आबा फोड हातात धरून उभेच. मग ती ताटलीत ठेवून म्हणाले, "नर्सरीवाल्याने फसवलं हो. वहिनींच्यासुद्धा लक्षात आलं नाही, तिथे माझी काय कथा?" आणि मी सगळ्यांदेखत मान डोलावली.

झाड त्यांनी तोडलं नाही. नातीचं आहे ना. दर चैत्रात गडग्यावरून कैऱ्यांची पिशवी देतात — वहिनी, लोणच्याला बऱ्या आहेत. यंदाही दिली. मी लोणचं घातलं, बरणीला दादरा बांधला, बोट चाटून पाहिलं. तो हशा आठवला. आणि मला बरं वाटलं.