मालनच्या चटणीला आलेली बुरशी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. आई जायच्या आधी तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा ओठांवर आलं होतं — तेव्हाही गिळलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. सुरुवात कुठून करू? मालनपासूनच करायला हवी.

नव्वदनंतरची वर्षं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, भिंतीला भिंत लागून मालन. तिच्या नवऱ्यानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून लेथमशीनचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. ते बसलं. मागे राहिलं पतसंस्थेचं कर्ज, आणि ते दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं. हे निम्मं-निम्मं लक्षात ठेवा. दोघींच्या डोक्यावरचं ओझं सारखं होतं, दोघींचे नवरे सारख्याच पगारावर दुसऱ्याच्या कारखान्यात लागले होते. म्हणून मालन माझ्यापेक्षा कुठल्या बाबतीत वरचढ आहे हे मला रोज, अगदी बसल्या जागी, दिसायचं.

पगाराच्या दिवशी मी स्टीलचे डबे मांडायची. हप्ता, भाडं, किराणा, गॅस-दूध, आणि एक डबा आहेराचा. हप्त्याच्या डब्याला हात लावायचा नाही हा माझाच नियम. चहा गुळाचा. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून नवी वडी करायची. लग्नाची पत्रिका आली की मला हमखास ताप यायचा. रविवारचं मटण बंद — कोल्हापुरात राहून रविवारी मटण बंद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मला वाटायचं, माझ्यासारखा संसार पेठेत कुणी ओढत नाही. काटकसरीचा सुद्धा माणसाला गर्व होतो, हसू नका.

आणि मालन? तीही गुळाचाच चहा प्यायची. पण महिन्यातून एका रविवारी पावशेर मटण आणायची, त्यात घागरभर रस्सा करायची आणि वाटीभर आमच्याकडे पाठवायची. वाटी रिकामी परत करायची नसते. माझ्याकडे घालायला काय असणार? मी मोजून ठेवलेल्या साखरेतली दोन चमचे साखर त्या वाटीत घालायची आणि दिवसभर धुमसायची. तिच्या प्रेमाची किंमत माझ्या साखरेनं का मोजायची? असा विचार करणारी बाई होते मी. रस्सा मात्र वाटी चाटून खायची.

तिच्या हाताला चव होती. ते मला आजही लिहिताना जड जातं. महिनाअखेरीला आमटी दोघींचीही पाणीच असायची, पण तिच्या चटणीनं त्या पाण्याला रंग यायचा. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा मसाला — मिरच्या, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, सगळं भाजून तळून डंकावर कुटून आणायचं आणि बरण्या भरायच्या. मालननं एका उन्हाळ्यात ठरवलं की चटणी करून विकायची. आधी मलाच विचारलं, "वैनी, दोघी मिळून करू की. निम्मं तुमचं, निम्मं माझं." मी म्हणाले, मला नाही जमायचं. तिच्या हाताखाली मिरच्यांची देठं खुडत बसू?

तिनं एकटीनं केली. राजारामपुरीतल्या बायका घरी येऊन न्यायला लागल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं साठवलेलं सगळं मिरच्यांत घातलं. श्रावणात लोकांच्या बरण्या तळाला जातात, तेव्हा विकायची, आणि दिवाळीला कर्ज फेडून मोकळं व्हायचं, असा तिचा हिशेब. माझं कर्ज फिटायला अजून तीन वर्षं होती.

तिच्या भिंतीला पावसाची ओल यायची. म्हणून ती म्हणाली, "बरण्या तुमच्या माळ्यावर ठिऊ का वैनी? तुमच्यात कोरडं हाय." मी ठेवून घेतल्या. तिची मुलगी दीपा, नववीतली, एकेक बरणी छातीशी धरून आणून देत होती, आणि मी वर चढवत होते.

आषाढ होता. महिनाअखेर. त्या वर्षी पैसे वाचवायला मी चटणी कमीच केली होती आणि माझी बरणी संपली होती. आदल्या रात्री नवरा जेवताना सहज म्हणाला, "मालनवैनींचं कर्ज फिटंल बघ दिवाळीला. बाई हुशार हाय." एवढंच. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

दुपारी भांडी घासता घासता उठले, स्टुलावर चढले आणि तिच्या बरणीत हात घातला. आमटीपुरती घ्यायची होती, एवढंच — चोरी म्हणा. हात ओला होता. चटणी बोटांच्या पेरापेरांत चिकटून आली. ओला हात लागलेली चटणी टिकत नाही, हे इथल्या पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते चुकून झालं. पहिल्या बरणीपुरतं ते खरंही आहे. पण मग मी खाली उतरले, मोरीत गेले, हात धुतला — आणि पुसला नाही. पुन्हा वर चढले. दुसरी बरणी उघडली. मग तिसरी. दर वेळी खाली, मोरीत, पुन्हा वर. कुणी ढकलत होतं का मला? कुणी नव्हतं. शेवटच्या बरणीत मी मनगटापर्यंत हात घालून ढवळलं. झाकणं नीट लावली. त्या संध्याकाळी आमटी छान झाली होती.

श्रावणात मालन बरण्या न्यायला आली. झाकण काढलं, वर पांढरी लव. एकेक करून सगळ्या उघडल्या. ती मटकन खाली बसली. माझ्यावर संशय? छे. म्हणाली, "माझाच कांदा कच्चा ऱ्हायला असंल."

वाड्यातल्या बायका गोळा झाल्या. वयानं मोठी एक मावशी होती, तिनं चटणी हुंगली आणि म्हणाली, "कुणा बाहेरच्या बाईचा हात लागलाय. बुरशी उगं येत न्हाई." बाहेरची म्हणजे पाळी चालू असलेली. मालननं दीपाकडे पाहिलं. बरण्या आणल्या तेव्हा तू कशी होतीस? पोर खरं बोलली. खरं बोलायची सवय होती तिला, आईसारखीच.

मालननं तिला सगळ्यांदेखत बडवलं. मी मालनला हसताना पाहिलं होतं, उपाशी असताना गाताना ऐकलं होतं, पण हात उगारताना कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे झाले, दीपाला ओढून माझ्या घरात आणलं, पाणी दिलं. इथं तरी तोंड उघडायचं होतं ना? उघडलं. तिच्या केसांवरून हात फिरवत मी म्हणाले, "असू दे बाळा. पुढच्या वेळी ध्यानात ठेव." तिनं मान हलवली.

मालनच्या कानातली गेली. पुन्हा तिनं विकायला चटणी केली नाही. माझं कर्ज तिच्या आधी फिटलं. मी पेढे घेऊन गेले, तर तिनं माझ्या तोंडात पेढा भरवला आणि तिचे डोळे भरून आले, आनंदानं. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. मला नसतं जमलं ते.

दीपाला शिरोळला दिलं. दोन हजार सालानंतर कधीतरी, उन्हाळ्यात, ती माहेरी आली होती. मी तेव्हा चटणी भरत होते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. रिकामी बरणी तिथूनच पुढे सरकवली.

"काकू, तुमीच भरून द्या. माझ्या हाताला चटणी लाभत न्हाई. सासरीबी मी हात लावत न्हाई, जाऊच करती. तुमच्या हातची वरीसभर टिकती."

मी हात पदराला पुसला. पुन्हा पुसला. तिची बरणी गच्च भरली, झाकण लावलं आणि तिच्या हातात दिली. तिनं वाकून नमस्कार केला, आणि मी तो करू दिला.