यादीतून खोडलेला पाळणा

माझं सगळं यादीवर चालतं. वाण्याची यादी, औषधांची यादी, प्रवासाच्या बॅगेची यादी. चैत्रगौरीपुढे रांगोळीचं जे चैत्रांगण काढतात, त्यातली चिन्हंसुद्धा मी क्रमाने लिहून ठेवली होती: सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळस, पाळणा... दरवर्षी छाप ठेवून रांगोळी भरायची आणि एकेकापुढे बरोबरची खूण करायची. सासूबाई होत्या तोवर वेताच्या खुर्चीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "चुकलं काहीच नाही. पण बघत बसावंसंही काही नाही." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

त्या जाऊन तीन वर्षं झाली होती. चैत्रात माझी मुलगी सातव्या महिन्यात हडपसरला दवाखान्यात दाखल झाली. बाळाची हालचाल मंदावली होती. तिच्यापाशी एकालाच थांबता येत होतं, तेव्हा जावई थांबले आणि मी घरी. हळदीकुंकू मी रद्दच केलं, पण मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बायका नको बोलावूस, पण अंगण तेवढं काढ." मी यादी घेऊन बसले आणि पाळण्यापाशी पेन अडलं. बाळासकट काढावा तर आगाऊपणा, रिकामा काढावा तर भीती. शेवटी त्या शब्दावर रेघ मारली. खरं सांगायचं तर गौरीवर माझा तेव्हा भरवसा नव्हता. हजेरी लावल्यासारखी पूजा करत होते.

त्याच कागदावर खाली सामान लिहून मंडईत गेले, कैऱ्या घेतल्या. रांगोळी विकणाऱ्या एक आजी बाहेर बसल्या होत्या. पुडी बांधता बांधता, मी काही बोलायच्या आत, त्या शांतपणे म्हणाल्या, "पाळणा खोडू नये बाई. आधी तोच काढा."  पैसे देऊन, काहीही न विचारता मी रिक्षात बसले.

घरी आल्यावर छापांचा डबा उघडलाच नाही. रांगोळी उडू नये म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. चिमटीत रांगोळी घेऊन मधोमध पाळणा काढला. पुढचं मला सलग आठवत नाही. एकातून एक आकार निघत गेला. कासवाने मान वळवली, तुळशीला मंजिऱ्या आल्या. इतकी शांतता होती की चिमटीतून पडणारी रांगोळी ऐकू येत होती. मग पाठीमागे खुर्चीचा वेत करकरला, कोणी पुढे झुकून बघावं तसा. मी वळले नाही.

भानावर आले तेव्हा चार वाजत आले होते. पाळण्याच्या दोऱ्यांना दोन्ही बाजूंनी फिकट, पुसट रेघा होत्या, झोका दिल्यावर दिसाव्यात तशा. त्या मी काढल्याचं मला आठवत नाही. झोपाळ्यातली पितळी गौर मात्र स्थिर होती. मी रेघांकडे बघत असतानाच जावयांचा फोन आला. "आई, बाळ हलायला लागलंय. अजून लक्ष ठेवणार आहेत, पण डॉक्टर हसून बोलले." मी तिथेच जमिनीवर डोकं टेकलं. कपाळाला रांगोळी लागली, ती रात्रीपर्यंत पुसली नाही.

आठवड्याने मंडईत त्या आजींना गाठलं आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, यादी तुमच्या हातात उघडी होती. वाचता येतं मला." एवढं बोलून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांचं म्हणणं खरंच असणार. रेघांबद्दल मी त्यांना विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही.

नात आता शाळेत जाते. वाण्याची यादी मी अजूनही करते. चैत्रांगणाची मात्र करत नाही. हात नेईल तिकडे जाऊ देते. सुरुवात पाळण्यापासून. बसण्याआधी मी सासूबाईंची वेताची खुर्ची ओढून गौरीसमोर ठेवते, आणि काढत असताना मागे वळून बघत नाही.