मास्तर आणि बेकायदा अक्रोड

'कसे आहात?' या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मास्तर. बेकरीतली मुलगी विचारो, शेजारची म्हातारी विचारो, नाहीतर संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता कुणी वहिनी विचारो. मास्तर थांबत, स्वतःच्या आत जाऊन चौकशी करून आल्यासारखे परत येत आणि सांगत, "दमलोय." एवढंच. कुरकुर नाही, कण्हणं नाही. हवामानखात्याने 'पाऊस आहे' म्हणावं तसं. आणि हॅम्बर्गमध्ये पाऊस असतोच.

दमायला कारणही होतं. मास्तर तिथल्या एका विद्यापीठात माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचं तत्त्वज्ञान शिकवत. नदीला हक्क असतो का, जंगल कुणाचं, मुंगीचं आपण काही लागतो का, असे प्रश्न. नोकरी कायमची कधीच झाली नाही. दर सहा महिन्यांनी 'पुढच्या सत्राला या' असं पत्र येई आणि मास्तर जात. अशी तेवीस वर्षं. दरवर्षी समोर नवी तरुण पोरं बसत, नव्याने हादरत, नव्याने पेटून उठत आणि पास होऊन गाड्यांच्या कारखान्यांत नोकरीला लागत. "चांगली मुलं आहेत," मास्तर म्हणत. "माझं ऐकतात आणि मग पोटासाठी जे करायचं ते करतात. मी तरी काय केलं असतं?"

मी स्वतः विमानांच्या धंद्यातला. पंखांच्या आतल्या पाइपांचं डिझाइन करतो. म्हणजे मास्तरांच्या हिशेबाने खलनायकच. त्यात मला बोलायची, हातवारे करायची, साध्या गोष्टीचा तीन अंकी प्रयोग करायची खोड. ते मला 'नाटक्या' म्हणत. आमच्या कंपनीत एकदा 'हरित दिवस' साजरा झाला, तेव्हा मी हट्टाने मास्तरांना भाषणाला बोलावलं. ते बोलले, टाळ्या कडाडल्या, शेवटी एक कापडी पिशवी भेट मिळाली. ती काखेत मारून बाहेर आले आणि म्हणाले, "नाटक्या, टाळ्या फार वाजल्या रे. म्हणजे कुणाला लागलं नाही." घरी त्यांच्याकडे अशा पिशव्यांचा ढीग होता. सगळ्यांवर झाडाचं चित्र.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका क्रियापदात मावायचं. सरकणे. मास्तर कराडकडचे. लहानपणी एसटीच्या तिघांच्या बाकावर चौथा कसा बसायचा ते त्यांनी पाहिलेलं. चौथा उभा राहून नुसता बघायचा, तिघं काही न बोलता चार-चार बोटं सरकायचे आणि चौथा टेकायचा. कुणी कुणावर उपकार केलेला नसायचा. "हे लोक म्हणतात, निसर्ग वाचवा," मास्तर म्हणत. "अरे, तू कोण वाचवणारा? तू बाकावर पाय पसरून बसलायस. आधी सरक." आणि खरंच, मास्तर कुठेही कडेला बसत. सोफ्यावर, एसबानमध्ये म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. शेजारी कुणी नसलं तरी. माझी बायको वैतागायची. "अहो मास्तर, नीट मागे टेकून बसा की, पडाल!" त्यावर ते कसनुसं हसून एक बोट मागे सरकत.

शहराच्या कडेला, रेल्वेरुळांपलीकडे त्यांनी बागेचा तुकडा भाड्याने घेतला होता. जर्मनीत अशा बागांच्या वसाहती असतात. शंभरेक तुकडे, प्रत्येकात एक खोपटं, आणि सगळ्यांवर राज्य करणारं एक बागमंडळ. मंडळाचे नियम असे, की आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी लाजतील. कुंपणाची उंची इतकी. जमिनीचा तिसरा हिस्सा भाजी-फळांनाच. आणि मोठी होणारी झाडं, ओक, बीच, अक्रोड, अजिबात नाहीत. या राज्याच्या प्रमुख फ्राऊ लोरेन्झ. उंच, ताठ, एप्रनच्या खिशात घडीची मोजपट्टी. त्या मास्तरांना 'हेर डॉक्टर' म्हणत आणि त्यांच्या कांद्यांचं कौतुक करत.

या बागेत एका वर्षी, मास्तर जिथे खुर्ची टाकून बसत तिथेच, एक अक्रोडाचं रोप उगवलं. रुळांपलीकडच्या झाडाचं फळ एखाद्या खारीने आणून पुरलं असणार आणि खार विसरली असणार. मास्तरांनी खुर्ची सरकवली. दुसऱ्या वर्षी कांद्याचा वाफा सरकवला. तिसऱ्या वर्षी पावसाच्या पाण्याचं पिंप. चौथ्या वर्षी समोर बांबूचा तट्ट्या उभा करून त्यावर घेवडा चढवला. हे मात्र सरकणं नव्हतं, ही लपवाछपवी होती. मी तसं म्हणालोही.

"तत्त्वज्ञ माणसाने चोरून झाड वाढवावं?"

"मी कुठे वाढवतोय? मी फक्त तोडत नाहीये."

आता माझं पाप सांगतो. त्या झाडाच्या सहाव्या वर्षी आमच्या मराठी मंडळींतल्या बायकांना वटपौर्णिमेला वड हवा झाला. हॅम्बर्गमध्ये वड कुठला? दरवर्षी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत वडाचं चित्र लावून भागवत. मी म्हटलं, छे, चित्र कसलं, मास्तरांकडे जिवंत झाड आहे की! इथे दूर्वा नाही मिळाल्या तर लॉनचं गवत चालतं, आंब्याच्या डहाळीऐवजी कुंपणाची पानं चालतात, मग वडाऐवजी अक्रोड का नाही? मास्तर म्हणाले, "झाडाला विचारलंस का?" मी म्हटलं, "मास्तर, सात जन्मांचा प्रश्न आहे!" ते म्हणाले, "सात जन्म राहू देत. याला सात वर्षं मिळाली तरी पुष्कळ."

आणि तो प्रयोग काय रंगला! जूनची भुरभुर, नऊवारीवर रेनकोट, मधोमध मनगटाएवढ्या खोडाचं ते संकोचलेलं पोर. प्रदक्षिणेला जागा पुरेना म्हणून मी तट्ट्या काढून बाजूला ठेवला. सूत गुंडाळून गुंडाळून झाड मोजा घातल्यासारखं दिसायला लागलं. मास्तर कुंपणाशी, कडेला, छत्री धरून उभे. एवढ्यात आवाज ऐकून फ्राऊ लोरेन्झ आल्या. त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी फोटो काढले, मंडळाच्या फलकावर लावीन म्हणाल्या. मग प्रेमाने विचारलं, "आणि हे पवित्र झाड कोणतं?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. मला सांगता आलं असतं की हेझल आहे. हेझल म्हणजे झुडूप, ते नियमात बसतं. पण मी रंगात आलेलो. छाती फुगवून, शुद्ध जर्मनमध्ये, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोललो, "अक्रोड!"

फ्राऊ लोरेन्झ यांचं हसू मोजपट्टीसारखं घडी घडी करून मिटत गेलं. "आख, हेर डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही मला दाखवायला नको होतं."

आठवड्यात नोटीस आली. पाखरांच्या विणीचे महिने संपले की ऑक्टोबरात झाड काढावं. न काढल्यास मंडळ माणूस लावून काढेल आणि बागेचा करारही संपेल. मी पेटून उठलो. अर्ज लिहीन, सह्या गोळा करीन, वर्तमानपत्रात जाईन! मास्तर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बस खाली. तिचं बरोबर आहे."

"तिचं? मास्तर, तुम्ही हे म्हणता?"

"तिच्या बाकावर शंभर जण आहेत. हे झाड मोठं झालं की शेजारच्या आजीबाईंचे टोमॅटो सावलीत मरणार. आणि अक्रोड स्वतः सरकत नाही, नाटक्या. त्याच्या मुळांतून असं काही झिरपतं, की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. मला पहिल्या वर्षीच ठाऊक होतं. माझ्या तत्त्वज्ञानाला पडलेलं भोक आहे ते. तेवीस वर्षं मुलांना शिकवलं, पण ते भोक काही मला बुजवता आलं नाही."

"दुसरीकडे नेऊन लावू."

"मूळ सरळ खाली गेलंय. उपटलं तर तुटणारच. माणसासारखं नाही ते, की व्हिसा मिळाला आणि निघालं."

ऑक्टोबरात त्यांनी मला फोन केला. परक्या माणसाच्या हातून नको, मी स्वतःच तोडतो, तू ये. पण आदल्या दिवशी ये. त्यांच्या वडिलांकडे झाडपाल्याचं औषध असे. मुळी काढायची तर आदल्या संध्याकाळी झाडापाशी जाऊन अक्षता वाहून सांगायचं, उद्या येतो. न सांगता घेतलं तर औषध लागू पडत नाही, अशी समजूत. मास्तर ओल्या गवतावर उकिडवे बसले, तांदळाचे चार दाणे बुंध्याशी टाकले आणि म्हणाले, "उद्या येतोय." मग जरा थांबून, "औषधाला नाही. नुसतंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही हातकरवतीने काम केलं. मनगटाएवढं खोड, पण वेळ लागला. अर्ध्यावर मास्तर थांबले, धाप लागली होती. कुंपणापलीकडे फ्राऊ लोरेन्झ उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक. त्या आत आल्या आणि झाड पडताना कुणाला लागू नये म्हणून वरचा शेंडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. झाड पडलं ते जवळजवळ त्यांच्या कुशीतच. वटपौर्णिमेच्या सुताचे काही फेरे अजून खोडावर होते. "नियम मी केलेला नाही," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. मीही नाही केला."

बाग त्यांनी त्याच महिन्यात सोडली. झाड गेलं, आता बाग ठेवायला हरकत नव्हती. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, "ज्या बाकावरून चौथ्याला उठवलं तिथे मी मांडी घालून बसू?" पुढच्या सत्राचं पत्र आलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच नाही म्हणून कळवलं. मुलगी न्युरेम्बर्गला इंजिनिअर आहे, तिच्याकडे गेले. स्टेशनवर सोडायला गेलो तर रिकाम्या डब्यात, खिडकीपाशी न बसता, बाकाच्या कडेला बसले. सामान म्हणजे एक बॅग आणि झाडाचं चित्र असलेल्या दोन पिशव्या. मी विचारलं, "मास्तर, कसे आहात?" ते नेहमीप्रमाणे आत जाऊन आले. "दमलोय," म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुझ्यामुळे नाही रे." तेवढ्या शब्दांवर मी तो हिवाळा काढला.

बाग मी माझ्या नावावर करून घेतली. प्रायश्चित्त म्हणा. कांदे लावतो, कुंपण मापात ठेवतो. या वसंतात त्या जुन्या बुंध्याशेजारी, आता मी जिथे खुर्ची टाकतो तिथे, वीतभर काहीतरी वर आलं. बुंध्याचा फुटवा नव्हे. तो मी मंडळाने सांगितल्याप्रमाणे दरवर्षी काढतो. हे नवं. पान चुरडून नाकाशी नेलं. अक्रोडच. रुळांपलीकडची खार अजून विसराळू आहे. परवा फ्राऊ लोरेन्झ मापाला आल्या. त्या रोपासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग वळून कुंपणाची उंची मोजली आणि वहीत फक्त कुंपणाची उंची लिहिली.

मी धावत फोन लावला, सगळा प्रसंग आवाज बदलून, साभिनय ऐकवला. मास्तर आनंदतील असं वाटलं होतं.

"म्हणजे सहा-सात वर्षांनी पुन्हा करवत," ते म्हणाले.

"हो मास्तर."

"आणि आजीबाईंचे टोमॅटो?"

"आहेत अजून."



"खुर्ची कुठाय तुझी?"

"आहे तिथेच."

"मग सरकव की."