नेस्टाचा भाऊ

एमरिस प्रॉसर गव्हर्नर म्हणून निवडून आला, तेव्हा कोल्ड फोर्कच्या खाणीचा भोंगा कुणीतरी मालकांना न विचारताच वाजवला. वेल्सहून अमेरिकेत आलेल्या आम्हा खाणकामगारांच्या गल्लीतला पोरगा राज्याचा कारभार बघणार होता.

त्याचा बाप खाणीचं छत कोसळून गेला. थोरली बहीण नेस्टा लोकांचे कपडे धुऊन घर चालवू लागली. मी तिची शेजारीण, तिच्याच जोडीला कपडे पिळायला असायचे. एमरिस लहानपणीच खाणीत खेचरं हाकायला गेला होता. नेस्टाने त्याला तिथून ओढून आणून शाळेत बसवलं. "घरातलं एक तरी माणूस उजेडात राहू दे," म्हणाली. तो वकील झाला, अपंग खाणकामगारांचे खटले लढला, विधानसभेत गेला. गव्हर्नर झाल्यावर पोरांना खाणीत उतरवायचं बंद करणारा कायदा त्याने हट्टाने करून घेतला.

मग १९१० चा संप झाला. घरं कंपनीचीच, तिने आम्हाला त्यांतून बाहेर काढलं, आम्ही ओढ्याकाठी तंबू ठोकले. नेस्टाचा नवरा आयव्हर संपात सगळ्यांच्या पुढे होता. कंपनीचे बंदूकवाले रखवालदार तंबूंवर गोळ्या झाडायचे. शेवटी नेस्टा मला घेऊन राजधानीत भावाला भेटायला गेली.

"त्या रखवालदारांना हटव," ती म्हणाली.

"त्यासाठीच सरकारी शिपाई पाठवतोय, ताई. ते कुणाचे मिंधे नाहीत. तुमच्या आणि त्यांच्या मधे उभे राहतील."

"आणि नाही राहिले तर?"

"माझा हुकूम आहे. मी गव्हर्नर आहे."

"तुझं नाक पुसलंय मी," नेस्टा म्हणाली. "हुकूम देऊन इथं बसू नकोस. स्वतः ये."

तो आला नाही. शिपाई आले. त्यांचा कप्तान खाणीच्या मॅनेजरच्या घरी जेवू लागला, आणि आठवड्याभरात कंपनीचे रखवालदार शिपायांच्याच कपड्यांत दिसू लागले. एका सकाळी संप फोडणारे मजूर पुलावरून येत होते. आमची माणसं त्यांना आडवी गेली. गोळ्या सुटल्या. आयव्हर पुलावरच गेला. त्याच्याबरोबर आणखी चौघं.

एमरिस मयताला आला, हातात टोपी घेऊन. नेस्टा तंबूच्या तोंडाशीच उभी होती.

"मधे उभे राहणार होते ना रे?" तिने विचारलं आणि तंबूचा पडदा ओढून घेतला.

त्याने कप्तानाला काढलं, चौकशी लावली. मालकांची वर्तमानपत्रं त्याला दंगेखोरांचा साथीदार म्हणू लागली, कामगार खुनी म्हणू लागले. पक्षाने पुन्हा उभं केलं नाही. मुदत संपल्यावर, आम्ही तंबूंतून पुन्हा घरांत गेलो होतो तेव्हा, तो गावात परतला आणि न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागला. खटला घेऊन कुणी येईना. "काय गव्हर्नरसाहेब, आज शिपाई कुठं ठेवलेत?" रस्त्यात कुणी ना कुणी विचारायचं. तो मान खाली घालून पुढे जायचा.

दर शनिवारी तो नेस्टाच्या दाराशी फोडलेली लाकडं ठेवून जाई. नेस्टा ती तशीच माझ्या अंगणात टाकून देई.

"कशाला आणता?" मी एकदा म्हटलं. "ती हात लावत नाही."

"तुमच्या चुलीत जळतात ना? मग झालं." लाकडं रचत म्हणाला, "राजधानीतून इथं यायला एका सकाळची गाडी पुरे होती हो. मी कागदावर सही केली आणि निश्चिंत झालो."

मोठ्या तापाच्या साथीत तो आजारी पडला. त्याच्या खोलीत जायला कुणी धजेना. नेस्टा उठली आणि गेली. मी जिन्यात, दाराबाहेर उभी होते.

"ताई, मला माफ केलंस का?"

"सूप गार होतंय. पी," ती म्हणाली, आणि चमचा त्याच्या तोंडाशी धरला.

दोन दिवसांनी तो गेला. आयव्हरच्या शेजारी जागा रिकामी होती, ती तिने देऊ दिली नाही. बापाजवळ पुरायला लावलं. दगड कोरणाऱ्याने विचारलं, गव्हर्नर असं लिहायचं ना?

"नुसतं एमरिस लिही," नेस्टा म्हणाली, आणि पहिल्यांदाच, आम्हा दोघांसमोर, ती रडली.