उजेडानं ढकललेली धूळ

माझी धाकटी जाऊ म्हणजे धुळीची हाडवैरी. बावीस वर्षं तिनं एका प्रयोगशाळेत झाडलोट केली. तिथल्या एक बाई ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायच्या. एकदा तिला म्हणाल्या, "मावशी, आकाशात एका ग्रहाभोवती कडी आहेत. त्यात घराएवढे दगड आहेत नि धुरासारखी बारीक धूळपण. ऊन दगडांना हलवू शकत नाही, पण धुळीला ढकलतं, तिची वाट वाकडी करतं."

"उन्हाला काय हात असतात होय?" जाऊ हसली.

"उद्या बघाच. मोठ्या काचेच्या बरणीतली हवा काढायची, वरून धूळ सोडायची, बाजूनं झगझगीत दिवा लावायचा!"

झालं! दुसऱ्या दिवशी मोठे साहेबही बघायला येणार होते, म्हणून जावेनं सकाळीच ती बरणी आतून कोरड्या लोकरी फडक्यानं अशी घासली, अशी घासली, की आरशानं लाजावं.

साहेब आले. धूळ सोडली, तर ती खाली पडेचना! सगळी काचेला जाऊन चिकटली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. साहेब म्हणाले, "दुपारपर्यंत दिसलं तर ठीक, नाहीतर हे काम बंद." बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

जावेच्या लगेच ध्यानात आलं. टीव्ही कोरडा घासला की दुप्पट धूळ धरतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? बोलावं तर नोकरी जायची, गप्प बसावं तर बाईंची तीन वर्षांची मेहनत मातीत.

"बाई, माझीच चूक!" ती पुढं झाली. "मी घासली बरणी. कोरडी घासलेली काच धूळ ओढते. ओल्या फडक्यानं पुसून नुसती वाळू द्या."

साहेब खेकसले, "तुला हात लावायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ओरडायचं ते मागाहून ओरडा साहेब, आधी पाणी आणते!"

पुसली, वाळली, हवा काढली, दिवा लावला. आणि अगं बाई! धूळ पडता पडता दिव्यापासून लांब अशी तिरकी झुकली, जशी कुणी फुंकरच मारली. आत तर हवा औषधालासुद्धा नव्हती!

"ढकललं! उजेडानं ढकललं!" जाऊ टाळ्या पिटत ओरडली. बाईंनी तिला गच्च मिठी मारली.

साहेब वाकून बघतच राहिले. मग म्हणाले, "काम चालू राहू दे. आणि ही बरणी यापुढं मावशींशिवाय कुणी पुसायची नाही."

"मग सरका बाजूला," जाऊ म्हणाली, "मला अजून नीट दिसलंच नाही!"