माझ्या हातचं द्रावण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते — बसा जरा.

मुरबाडजवळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला होते. शिक्षण सातवीपर्यंत. पण काचेची भांडी धुता धुता, सरांचं ऐकून ऐकून मी मोल, म्हणजे रसायन मोजायचं माप, काढायला शिकले. जितके ग्रॅम पदार्थ घेतला, त्याला त्याच्या एका मोलच्या वजनाने भागायचं — झालं! सर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या मावशी पोरांच्या आधी मोल काढतात." काय फुगायचे हो मी!

त्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेसाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण मी हट्टाने एकटीने केलं. एका लिटरात मोलचा विसावा भाग हवा होता. मोलचं वजन मी नव्वद धरलं, साडेचार ग्रॅम तोलले, विरघळवले.

परीक्षेत सगळ्यांचं रीडिंग, म्हणजे रंग पालटायला किती मिलिलिटर लागलं ते, दहा आलं. आलं कसलं — आधीच्या बॅचने सांगून ठेवलेलं, दहा लिहा, म्हणून लिहिलं. ही रीत सगळ्यांना ठाऊक, सरांनाही. एकटी डोळखांबकडची वनिता, बुजरी पोर, तिने तीनदा थेंब थेंब सोडून पाहिलं. तिन्ही वेळा गुलाबी रंग सात पूर्णांक एकलाच आला. तिने तेच लिहिलं.

"बाकीचं पिऊन टाकलंस का गो?" सर म्हणाले. सगळे हसले. मीही.

ती रडवेली होऊन माझ्याकडे वळली. "मावशी, तुमीच सांगा ना. द्रावणातच काय कमी-जास्त नाय ना झालं?"

माझी नजर कपाटातल्या ऑक्झॅलिकच्या बाटलीवर गेली. त्या खड्यांमध्ये पाणी बांधलेलं असतं. पाण्यासकट मोलचं वजन एकशे सव्वीस — लेबलवर छापलेलंच होतं. म्हणजे सहा पूर्णांक तीन ग्रॅम हवे होते. मला तिथेच कळलं. कळलं नाही असं कसं म्हणू?

"माझं द्रावण बरोबर हाय," मी म्हणाले. आणि कुणी तपासू नये म्हणून उरलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं.

वनिता नापास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. बापाने कॉलेजातून तिचं नाव काढून घेतलं — सायन्स तुझं काम नाय म्हणाला.

मी कशाला भ्यायले? नोकरी थोडीच जाणार होती? सर फार तर हसले असते. तेवढ्या हसण्यापायी —

मागच्या महिन्यात शहापूरच्या बाजारात ती भेटली. सोबत बारावीतली लेक. वनिताने तिला पुढे केलं, "ह्या मावशींकडं शिक. यांचा हिशेब कधी चुकला नाय. माझाच हात थरथरायचा."

मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "ये गो घरी, शिकवते."