मार तर सगळ्यांनीच खाल्ला

गुरुजींनी वेणी धरून मला फळ्याजवळ ओढलं. साऱ्या वर्गाला म्हणाले, "ही आईबापाला नकोशी. माझ्या दारात टाकून गेलेत."

पोरं हसली. मी चौथीत होते.

आमचं गाव पाथर्डीकडं. आई-बापू ऊसतोडीला फिरायचे. शाळा बुडू नये म्हणून त्यांनी मला देवळाली प्रवरेला गुरुजींच्या घरी ठेवलं होतं. सकाळी अंगण, भांडी, मग शाळा. जेवण पडवीत, शिळं. काही चुकलं की गुरुजींची बायको उलथनं घेऊन मारायची. तापानं फणफणले, तर कुणी कपाळाला हात लावला नाही.

हंगाम सरल्यावर आई आली. मी पाठीवरचे वळ दाखवले. ती बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "मारतेत म्हंजी आपली समजतेत गं."

मी गप्प बसले. पुढं कितीतरी वर्षं.

आता नागापूरला एमआयडीसीत पॅकिंगला आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. एकीला बाप पट्ट्यानं झोडायचा. दुसरीला मामाच्या घरी कोंडून ठेवायचे. तिसरीला कुणी मारलं नाही, पण जेवलीस का एवढंही कधी विचारलं नाही. एक जण डबा झाकून उठून गेली. सुटलेली एकही नाही. आणि बाकीच्या हसत सांगत होत्या. त्या हसण्याचाच मला संताप आला.

त्याच आठवड्यात माझी मुलगी गालावर वळ घेऊन घरी आली. पाढा चुकला म्हणून बाईंनी मारलं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून शाळेत गेले. हेडमास्तर बसा म्हणाले नाहीत. हसले फक्त.

"तुम्ही नाही का मार खाल्ला लहानपणी? काय बिघडलं?"

"बिघडलं," मी म्हणाले. "चाळिशी आली. अजून शेजारी कुणी हात उचलला की मी डोकं झाकते."

त्यांचं हसू गेलं. मग म्हणाले, पटत नसेल तर मुलीचा दाखला घेऊन जा. दारातले दोन पालक मलाच समजवायला लागले, ताई, मिटवा आता.

मिटवलं नाही. दाखलाही घेतला नाही. वर शिक्षण खात्याकडं तक्रार केली, अजून कुणी दखल घेतली नाही. पुन्हा जाणार. खाडे पडले तर पडू देत.

मुलगी त्याच शाळेत जाते, त्याच वर्गात बसते. तिला सांगून ठेवलंय, हात कुणीही उचलू दे, बाई असो, मामा असो, नाहीतर मी. गप्प बसायचं नाही. गल्ली गोळा होईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचं.